विलग कक्षातील रुग्णांची शुश्रूषा
(ज्युबिलीनिमित्त खांदेश्वर येथे भरलेल्या धर्मग्रामसभेतील भाषण)



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी रोगराईसारखा विषय घेऊन आम्ही आपल्यापुढे उभे राहावे, हे आपणांपैकी कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु आज ह्या मंडपात आपण खांद्यास खांदा लावून बसलो आहोत, एकमेकांचे हात हातात घेत आहोत, आणि थोड्याच वेळाने एका पंक्तीस जेवणार आहोत. उत्सव म्हणतात तो ह्यालाच. नेमक्या ह्याच सुखास जो मुकतो, त्या रोग्याची आठवण अशा दिवशी झाली तर ती अस्थानी म्हणता यावयाची नाही. शिवाय ह्या खांदेश्वर, कामोठे, नवीन पनवेलच्या वस्तीतून हार्बर मार्गाच्या गाडीने रोज जी माणसे कामास जातात, त्यांत इस्पितळांत शुश्रूषा करणारेही आहेत. त्यांच्याच वतीने, म्हणजे आम्हां परिचारिका व परिचारक मंडळींच्या वतीने, चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ स्पष्ट करून घेऊ. ज्यास रोग झालेला नाही, पण जो रोग्याच्या सहवासात आला होता, त्यास काही दिवस बाजूस ठेवणे ही एक गोष्ट. तीस इंग्रजीत क्वारंटाइन म्हणतात, आणि त्या शब्दाच्या पोटात चाळीस हा आकडा दडलेला आहे. एड्रियाटिक समुद्राच्या काठी रागुसा नावाचे बंदर होते. त्याने १३७७ साली साथीच्या गावांहून येणाऱ्यांस तीस दिवस बाहेर ठेवण्याचा नियम केला. पुढे ही मुदत चाळीस दिवसांची झाली. व्हेनिसने तर १४२३ साली एका बेटावर प्लेगच्या रोग्यांसाठी निराळे इस्पितळच उभारले. ज्यास रोग झाला आहे, किंवा झाला असावा असा संशय आहे, त्यास इतर रोग्यांपासून निराळ्या खोलीत ठेवणे ही दुसरी गोष्ट. तीस आपण विलगीकरण म्हणतो. आमचा आजचा विषय ह्या दुसऱ्या प्रकारचा, आणि त्यातही विशेषेकरून संशयित रोग्याचा आहे.

संशयित रोग्याची अवस्था मोठी कठीण असते. रोग निश्चित झाला म्हणजे औषध निश्चित होते, मुदत समजते, आणि मन काय ते एकदा तयार होते. संशयिताच्या वाट्यास ह्यांपैकी काहीच येत नाही. त्याच्या घशातील किंवा थुंकीतील नमुना प्रयोगशाळेत गेलेला असतो, आणि तो स्वतः चार भिंतींच्या आत अहवालाची वाट पाहत पडलेला असतो. दारावर पाटी लागलेली असते, आणि ती पाटी वाचून जाणारे-येणारे पाऊल उचलतात, हे त्यास आतून समजते. न्यायालयात गुन्हा शाबीत होईपर्यंत आरोपी निर्दोष मानला जातो, परंतु ह्या बिचाऱ्यास निकालापूर्वीच जग दूर लोटते.

आता आपल्याच मुलखातील इतिहास पाहू, कारण त्यातून ह्या विषयाचे मर्म जितके कळते तितके कोणत्याही ग्रंथातून कळत नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रियेल व्हिएगस ह्यांनी एका रोग्याचा ताप व गाठ पाहून, हा प्लेग आहे, असे निदान केले. हे डॉक्टर मूळचे गोव्यातील हडफड्याचे. पुढे १९०६ साली मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, आणि धोबीतलावाजवळ त्यांचा पुतळा आहे. त्यांचे निदान बरोबर ठरले. मग सरकारी यंत्रणा हलली, आणि रोग्यांस सक्तीने इस्पितळात नेण्याचे हुकूम सुटले. नेण्याचे ठिकाण म्हणजे आर्थर रोडवरील साथीच्या तापांचे इस्पितळ. तेच आज कस्तुरबा रुग्णालय ह्या नावाने ओळखले जाते.

पुढे काय झाले ते ऐका. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांच्या जमावाने त्या इस्पितळावर हल्ला केला. लोकांत अशी बोलवा होती की आत नेलेला मनुष्य जिवंत परत येत नाही. त्यास तेथे मारून टाकतात. त्याच्या शरीरातून औषधासाठी अर्क काढतात. ह्या अफवा वेडगळ होत्या खऱ्या. पण त्या पिकल्या कशा जमिनीत ते पाहिले पाहिजे. माणूस घरातून उचलून नेला जाई, आणि बायकामुलांस त्याचा पत्ता लागत नसे. तेथे त्यास पाणी कोण देते, त्याची जात-रीत कोण सांभाळते, तो शेवटच्या घटकेस काय बोलला, हे सांगणारे कोणी नसे. जेथे खरी बातमी पोचत नाही तेथे खोटी बातमी पोचते, हा नियम तेव्हाही होता आणि आजही आहे.

ह्या सक्तीचा दुसरा परिणाम रोगापेक्षाही घातक झाला. लोक रोगी लपवू लागले. हजारो माणसे शहर सोडून पळाली, आणि त्यांच्याबरोबर साथही पळाली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला, अधिकाऱ्यांस मोठे अधिकार मिळाले. पुण्यात घरझडत्यांनी लोक इतके संतापले की त्याची परिणती २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड ह्यांच्यावरील गोळीबारात झाली. आणि ह्या सर्व प्रकरणातील दैवदुर्विलास असा की गाठीचा प्लेग माणसाच्या स्पर्शाने फारसा पसरतच नाही. १८९८ साली कराचीस पॉल-लुई सिमों ह्या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवून दिले की तो उंदरावरील पिसवांच्या द्वारे येतो. फुप्फुसाचा प्लेग मात्र श्वासाने पसरतो, आणि तेथे विलगीकरण अत्यावश्यक आहे. सारांश, ज्यासाठी एवढा जुलूम झाला त्या उपायाने रोगाचा मुख्य मार्ग बंद होतच नव्हता. बंद झाला तो लोकांचा विश्वास.

परंतु त्याच काळात एक शहाणपणाची गोष्टही घडली. १८९७ च्या सुमारास मुंबईतील पारशी, खोजे, जैन इत्यादी समाजांनी आपापली प्लेगची इस्पितळे काढली. तेथे आपल्या भाषेत बोलणारी माणसे असत, आपल्या चवीचे अन्न मिळे, आणि नातेवाइकांस रोग्याची वार्ता मिळे. जे लोक सरकारी गाडी पाहताच दार लावून घेत, तेच ह्या इस्पितळांत आपले माणूस स्वतः घेऊन येऊ लागले. रोग तोच, खाट तशीच, घरापासूनची ताटातूटही तीच. फरक होता तो एवढाच की आत कोणी आपले माणूस आहे असा भरवसा होता.

त्याच वर्षी पुण्याजवळ सावित्रीबाई फुले ह्यांनी जे केले ते आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत ह्यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना घातला. मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलास सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले, असे सांगतात. त्यांस प्लेग जडला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. सहासष्ट वर्षांची ती माउली कोणत्याही शुश्रूषा-शाळेत शिकलेली नव्हती. पण रोग्यापर्यंत कोणीतरी जावेच लागते, हा शुश्रूषेचा पहिला धडा तिने स्वतःच्या देहाने गिरविला. आपल्या वांद्र्याच्या गल्ल्यांतून जे क्रूस दिसतात, त्यांतले कित्येक ह्याच प्लेगच्या वर्षांत उभारलेले आहेत. त्यांच्यापुढून जाताना त्या भयाची आणि त्या प्रार्थनेची आठवण ठेवावी.

आता कोणी विचारील की शुश्रूषा करणाऱ्याने मरावेच काय? नाही. ख्रिस्तसभेच्या इतिहासात संत अलॉयसियस गोंझागा हे रोम शहरात साथीच्या रोग्यांची सेवा करीत असता १५९१ साली अवघ्या तेविसाव्या वर्षी वारले. संत कामिलस ह्यांनी स्थापिलेल्या संघाचे व्रतस्थ तर इतर व्रतांबरोबर, प्राण धोक्यात असला तरी रोग्यांची सेवा करू, असे निराळे व्रत घेतात. १९३० साली त्यांस परिचारिकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित करण्यात आले. ह्या पुण्यपुरुषांविषयी आम्हांस अपार आदर आहे. तथापि त्यांच्या काळी रोगजंतूंचे ज्ञान नव्हते. आज ते आहे, आणि असता ते न वापरणे ह्यास शौर्य म्हणता येणार नाही. परिचारिका आजारी पडली तर तिच्याबरोबर वीस खाटांची शुश्रूषा आजारी पडते, आणि तिच्या हातून पुढच्या रोग्यास रोग पोचला तर सेवेचा अपकार होतो. म्हणून आमच्या शास्त्राचा थोडासा परिचय करून देतो.

रोग एकापासून दुसऱ्यास मुख्यतः तीन वाटांनी जातो. पहिली वाट स्पर्शाची: हात, कपडे, भांडी, खाटेची कड. दुसरी वाट खोकण्या-शिंकण्यातून उडणाऱ्या तुषारांची. हे जड असल्यामुळे बहुधा थोड्या अंतरावर खाली बसतात. तिसरी वाट हवेची: गोवर, कांजिण्या आणि फुप्फुसाचा क्षय ह्यांचे जंतू अतिसूक्ष्म कणांवर बसून हवेत तरंगत राहतात, आणि रोगी खोलीबाहेर गेल्यावरही काही वेळ तेथेच असतात. कोविडनेही आपणांस हा तिसऱ्या वाटेचा धडा शिकविला. जशी वाट, तसा बंदोबस्त. स्पर्शासाठी हातमोजे व झगा, तुषारांसाठी मुखपट्टी व डोळ्यांवर आवरण, हवेसाठी चेहऱ्यास घट्ट बसणारी एन-९५ मुखपट्टी आणि अशी खोली की जिच्यातली हवा इस्पितळाच्या व्हरांड्यात न येता बाहेर जाईल आणि तासाला निदान बारा वेळा बदलेल. अशी खोली नसेल तेथे समोरासमोरच्या उघड्या खिडक्या पुष्कळ काम करतात. संशयिताच्या बाबतीत रोग कोणता ते ठाऊक नसते. म्हणून जी वाट अधिक धोक्याची वाटते ती गृहीत धरून चालावे लागते.

ह्या सर्व साधनांत श्रेष्ठ साधन मात्र अगदी स्वस्त आहे. ते म्हणजे हात धुणे. १८४७ साली व्हिएन्ना येथे डॉ. सेमेलवाइस ह्यांनी प्रसूतिगृहातील डॉक्टरांस क्लोरिनच्या पाण्याने हात धुवावयास लावले, आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने उतरले. आज जागतिक आरोग्य संघटनेने हात धुण्याचे पाच प्रसंग सांगितले आहेत: रोग्यास शिवण्यापूर्वी, जखम बांधणे, सुई लावणे असे स्वच्छतेचे काम करण्यापूर्वी, रोग्याच्या शरीरातील द्रवाशी संबंध आल्यावर, रोग्यास शिवल्यावर, आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंस शिवल्यावर. साबण-पाण्याने चाळीस ते साठ सेकंद, किंवा मद्यार्काच्या द्रवाने वीस ते तीस सेकंद. ऐकावयास हे सोपे वाटते. रात्रपाळीत पहाटे चार वाजता, एकामागून एक घंटा वाजत असता, प्रत्येक वेळी हे करणे किती कठीण ते करणाऱ्यासच कळते.

दुसरी गोष्ट पोशाखाची. अंगभर झगा चढविताना फारसे भय नसते. खरे भय तो उतरविताना असते. बाहेरची बाजू दूषित झालेली असते, अंग घामाने भिजलेले असते, आणि केव्हा एकदा चेहरा मोकळा करू असे झालेले असते. म्हणून आमच्याकडे उतरविण्याचा क्रम ठरलेला असतो, मधून मधून हात धुवावे लागतात, मुखपट्टी कक्षाबाहेर आल्यावर सर्वांत शेवटी काढावयाची असते, आणि शक्य तेथे एक सहकारी समोर उभा राहून पाहत असतो. ज्या रोग्याची नाडी-तापमानाची साधने त्यास लागतात ती त्याच्याच खोलीत राहतात. आत जाण्यापूर्वी औषध, पाणी, चादर, तपासणी ही सर्व कामे एकत्र जुळवून घेतात, म्हणजे खेपा कमी होतात.

परंतु येथेच एक खाच आहे, आणि ती आम्ही आपल्यापुढे मोकळेपणाने मांडतो. खेपा कमी झाल्या म्हणजे दृष्टीही कमी पडू लागते. सामान्य कक्षात परिचारिका शेजारच्या खाटेकडे जाता जाता दहा रोग्यांकडे पाहते: कोणाचा श्वास लागला आहे, कोण नुसता छताकडे पाहत आहे, कोणाचे ताट तसेच पडले आहे. बंद दाराआड हे चालते-बोलते लक्ष नाहीसे होते. तहान लागली तर पाण्याचा तांब्या हाताशी नसतो. म्हाताऱ्यास शौचास जावयाचे असते पण घंटा सापडत नाही. कूस न पालटल्यामुळे पाठीस जखमा होतात. म्हणून विलग कक्षातील रोग्याची तपासणी वेळापत्रकाने बांधलेली असली पाहिजे, घंटा उशाशी असली पाहिजे, आणि दारास काच असली पाहिजे.

आणखी एक भय संशयिताच्या बाबतीत असते. एका रोगाच्या संशयाची पाटी लागली म्हणजे दुसऱ्या रोगाचा विचार मागे पडतो. पावसाळ्यात आपल्या भागात मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस असे तिन्ही ताप असतात. तापाने आलेल्या माणसास साथीचा संशयित म्हणून खोलीत ठेवले, आणि अहवाल यावयाच्या आत त्याचा मलेरिया डोक्यात गेला, तर त्या संशयानेच त्याचा घात केला म्हणावयाचा. यास्तव संशयिताची शुश्रूषा म्हणजे अहवालाची वाट पाहणे नव्हे. श्वासाची गती मोजणे, रक्तातील प्राणवायू पाहणे, लघवीचे प्रमाण टिपणे, बोलण्यात बरळ तर नाही ना हे पाहणे, आणि काही बिघडताच डॉक्टरांस तत्काळ बोलाविणे, हे त्या मधल्या काळातच करावयाचे असते. तसेच संशयितास निश्चित रोग्यांच्या कक्षात टाकू नये, आणि दोन संशयितांस जवळजवळ ठेवू नये. कारण ज्यास रोग नव्हता त्यास तो आमच्याच छताखाली होण्याचा संभव असतो.

२०२० सालची साथ आपण सर्वांनी पाहिली. त्या वर्षाच्या जानेवारीतच परदेशांतून आलेले संशयित प्रवासी मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयात ठेवण्यात येऊ लागले, आणि आरंभी त्यांचे नमुने तपासणीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे जात. ९ मार्चला पुण्यात महाराष्ट्रातील पहिले रोगी आढळले, आणि शुश्रूषेचा भार तेथील डॉ. नायडू रुग्णालयाने उचलला. पुढे आपल्या पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय कोविडच्या रोग्यांसाठी राखून ठेवण्यात आले. मार्चच्या अखेरीस लोकल गाड्या बंद पडल्या. अत्यावश्यक सेवेतील लोकांसाठी त्या १५ जूनला पुन्हा सुरू होईपर्यंत आमच्यातील कित्येकांनी बसमधून, मिळेल त्या वाहनातून, पनवेल ते मुंबई अशा खेपा केल्या.

तेव्हा आम्ही जे पाहिले त्यातील दोनच गोष्टी सांगतो. झग्यात आणि मुखपट्टीत आम्ही सर्व सारखेच दिसत असू. ज्यास कमी ऐकू येई तो मनुष्य ओठांकडे पाहून बोलणे समजून घेतो, आणि आमचे ओठ तर झाकलेले. म्हणून आम्ही छातीवर मोठ्या अक्षरांत आपले नाव लिहू लागलो. एका वृद्ध बाईंनी ते नाव एकेक अक्षर जुळवून वाचले, आणि मग त्यांनी पहिल्याने आम्हांस गाव विचारले. त्या दिवसापासून त्या जेवू लागल्या. दुसरी गोष्ट घराकडची. एका इमारतीतील शेजाऱ्यांनी आमच्यातील एका परिचारिकेस, तुम्ही रोग आणता, तर काही दिवस दुसरीकडे राहा, असे सांगितले. तिचा मुलगा लहान होता. ती कोठे जाणार होती? देशात असे प्रकार इतके घडले की २२ एप्रिल २०२० रोजी सरकारास वटहुकूम काढून १८९७ च्याच त्या जुन्या कायद्यात आरोग्यसेवकांच्या संरक्षणाचे कलम घालावे लागले. जो कायदा एके काळी लोकांस इस्पितळापासून भिववीत होता, त्यासच आता इस्पितळातील माणसांस लोकांपासून राखावे लागले. हा पालट विचार करण्याजोगा आहे.

केरळातील लिनी पुथुस्सेरी ह्या परिचारिकेचे नाव येथे घेतलेच पाहिजे. पेरांब्रा येथील तालुका रुग्णालयात तिने ज्या तापाच्या रोग्याची शुश्रूषा केली त्याचा रोग निपाह आहे हे तेव्हा कोणासही ठाऊक नव्हते. २१ मे २०१८ रोजी ती वारली. तिची दोन मुले लहान होती, आणि शेवटी तिने पतीस एक चिठ्ठी लिहून ठेविली. तिच्या मृत्यूने एक गोष्ट शिकविली: निदान होण्यापूर्वीचा काळच सर्वांत धोक्याचा. म्हणून प्रत्येक तापाच्या, प्रत्येक खोकल्याच्या रोग्याशी आरंभापासून सावधपणे वागणे, आणि त्यासाठी लागणारी साधने परिचारिकेच्या हाती वेळेवर देणे, हे इस्पितळ चालविणाऱ्यांचे कर्तव्य आहे. परिचारिकेस देवदूत म्हणून ओवाळावयाचे आणि हातमोजे मोजून द्यावयाचे, ही स्तुती आम्हांस नको.

लहान मुलांविषयीही थोडे सांगतो. २०२२ च्या अखेरीस गोवंडीच्या बाजूस गोवराची साथ आली, आणि पुष्कळ मुले कस्तुरबा रुग्णालयात आली. तीन वर्षांच्या बालकास विलग म्हणजे काय ते समजावून सांगता येत नाही. त्यास आईपासून तोडले तर ते रडून थकते, दूध घेत नाही, आणि त्याचे दुखणे वाढते. अशा वेळी आईस मुलाबरोबर ठेवणे, तीस मुखपट्टी व हात धुण्याची रीत शिकविणे, तिला स्वतःला गोवर होऊन गेला आहे काय ते विचारणे, आणि डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे लागोपाठ दोन दिवस अ जीवनसत्त्वाची मात्रा देणे, हा मार्ग आहे. गोवराची लस नवव्या महिन्यानंतर एकदा आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसऱ्यांदा टोचतात. ती टोचली असती तर ह्यांतली बहुतेक मुले तेथे आलीच नसती.

असो. आता ह्या धर्मग्रामाने काय करावे, ह्याविषयी आमच्या सूचना ऐकून घ्याव्या.

पहिली, ताप किंवा पंधरा दिवसांहून अधिक खोकला लपवू नये. क्षयाच्या नव्या तपासणीचा निकाल यंत्रावर सुमारे दोन तासांत मिळू शकतो, आणि त्याचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. लपविलेला क्षय घरातील लेकरांस पोचतो.

दुसरी, कोणी विलग कक्षात गेला असे कळले तर, कोणता रोग, कोणापासून आला, ही चौकशी करीत बसू नये. त्याच्या घरी काय कमी आहे ही चौकशी करावी. दूध, औषध, विजेचे बिल, म्हाताऱ्या आईबापांचे जेवण, मुलांची शाळा ह्यांची काळजी मिटली तर आत पडलेल्या माणसास झोप लागते.

तिसरी, रोजचा एक दूरध्वनी. दहा जणांनी एकाच दिवशी करावा आणि मग विसरावे असे नको. एकाने जबाबदारी घ्यावी, ठरलेल्या वेळी करावा, आणि रोग्यास धाप लागत असेल तर स्वतःच थोडे बोलून ठेवून द्यावा. प्रार्थना हवी असेल तर तीही अशा रीतीने करता येते. पूज्य धर्मगुरूंनी इस्पितळाच्या परवानगीने, पोशाखाचे नियम शिकून घेऊन, आत जावे. रोग्यास मलमसंस्कार हवा असतो तेव्हा तो पुढच्या आठवड्यावर टाकता येत नाही.

चौथी, घरीच रोगी ठेवण्याची पाळी आली तर हवेशीर खोली द्यावी, खिडकी उघडी ठेवावी, एकाच सशक्त माणसाने त्याचे पाहावे, दोघांनीही मुखपट्टी लावावी. त्याची भांडी साबण-पाण्याने नीट घासली म्हणजे पुरे. ती फेकून देण्याचे कारण नाही. ताट दाराबाहेरून सरकवून दिले तरी दोन शब्द बोलल्यावाचून जाऊ नये.

पाचवी, आणि आमच्या मते सर्वांत मोठी. रोगी बरा होऊन घरी आला की त्यास पूर्वीच्या जागी बसवावे. चर्चमध्ये त्याच्या बाकावर जागा मोकळी दिसते काय, हे आपण आपल्याशी तपासावे. बरे झाल्याचा दाखला डॉक्टर देतात. पण तो दाखला शेजाऱ्यांनी मान्य केला नाही, तर त्याचा रोग अजून संपलेला नाही.

बंधुभगिनीहो, १८९६ मध्ये मुंबईच्या लोकांस इस्पितळाचे भय वाटले, कारण दाराच्या आत कोण आहे हे त्यांस माहीत नव्हते. आज ते माहीत आहे. आत आपल्याच खांदेश्वरच्या, आपल्याच बाकावर बसणाऱ्या बाया आणि पुरुष आहेत. पुन्हा साथ येईल तेव्हा, आणि ती केव्हातरी येईलच, रोग्यास आमच्याकडे वेळेवर पाठवा; आम्ही त्यास एकटे पडू देणार नाही. आणि आम्ही पाळी संपवून घरी येऊ तेव्हा जिन्यात आम्हांस वाट द्या, दार लावून घेऊ नका, एवढेच मागणे आहे.